पस्तिसाव्या पानावरचे गुण

हेमाताई आगाशे यांना ‘चोखंदळ वाचक’ पुरस्कार द्यायचा, असं सुबोध वाचन मंदिराच्या कार्यकारिणीनं ज्या बैठकीत ठरवलं, त्याच बैठकीत त्यांच्या बेअब्रूचीही सोय करून ठेवली. पुरस्कार हा विषय क्रमांक चार होता आणि बेअब्रू विषय क्रमांक पाच. मधे चहा झाला.

वाचन मंदिर नारायण पेठेत, पहिल्या मजल्यावर. खाली छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. वेळ सकाळी नऊ ते एक आणि दुपारी चार ते आठ. एक ते चारच्या मधे साक्षात सरस्वती आली असती, तरी तिला जिन्यातच बसावं लागलं असतं. पुढच्या खोलीत काचेच्या कपाटांतून चरित्रं, समीक्षा, तत्त्वज्ञान वगैरे मंडळी ताठ उभी होती. मागच्या खोलीत चार लोखंडी कपाटं. त्यांचं अधिकृत नाव ‘रंजनप्रधान विभाग’. पेठेतल्या बायका नुसतं ‘मागचं’ म्हणत. “मागचं काही नवीन आलंय का गं?” एवढं विचारलं की पुरे. त्या पुस्तकांत एक डॉक्टर असायचा, एक गैरसमज असायचा, एक कपटी आत्या असायची, आणि शेवटच्या पानाच्या आत सगळ्यांचं भलं व्हायचं. पुढच्या खोलीचा पेठेला अभिमान होता. मागच्या खोलीची पेठेला गरज होती.

हेमाताईंची जागा अर्थातच पुढच्या खोलीत. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत मराठी शिकवलेलं. वय शहात्तर, पाठ ताठ, चष्म्यावरून बघण्याची सवय अजून तशीच. वाचन मंदिराच्या वार्षिकांकात त्यांनी ‘अभिरुचीची घसरण’ असा सोळा पानी लेख लिहिला होता आणि त्यात मागच्या कपाटांना ‘साखरेच्या पाकात बुडवलेला कापसाचा बोळा’ म्हटलं होतं. लेख कुणी वाचला नाही, पण माना सगळ्यांनी डोलावल्या. पुरस्कार त्या लेखासाठीच होता.

आणि दर मंगळवारी, मेथीच्या जुडीखाली दडून, पाकात बुडवलेले दोन बोळे हेमाताईंच्या घरी येत होते. हे गेली अडतीस वर्षं चाललं होतं.

आणत होते त्यांचे यजमान श्रीधरपंत. पिंपरीच्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करून निवृत्त झालेला हा माणूस. आयुष्यात त्यांनी विजेचं बिल आणि पंचांग यापलीकडे काही वाचलं नव्हतं. पण वाचन मंदिराचं कार्ड त्यांच्या नावावर होतं. त्यांनी काउंटरवर जायचं, ग्रंथपाल सुरुचीला “मागचं दे, दोन” म्हणायचं आणि पिशवी उघडी धरायची. सुरुची मुकाट्यानं दोन पुस्तकं टाकायची. त्यांनी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. संसार असेच टिकतात.

तर विषय क्रमांक पाच. हेमाताई बैठकीतच, पुरस्काराचा चहा घेत बसलेल्या. कार्यवाह श्रीनिवासराव राजोपाध्ये उठून उभे राहिले. पाटबंधारे खात्यातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्याला एकवीस वर्षं झाली होती, पण ते अजूनही बोलत नसत, मजकूर सांगत असत. “मागील खोलीत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका करण्याचं प्रस्तावित आहे. त्यासाठी रंजनप्रधान विभागातील जीर्ण व विद्रूप पुस्तकांचं निर्लेखन करावं, ही विनंती.”

“निर्लेखन म्हणजे रद्दीच ना?” कुणीतरी विचारलं.

“रद्दी ही नंतरची अवस्था,” श्रीनिवासराव म्हणाले.

“पण विद्रूप कशी काय?”

श्रीनिवासरावांनी बगलेतून एक पुस्तक काढलं. ‘मोगऱ्याखालचा करार’. मुखपृष्ठावर मोगरा होता, करार होता, नायिका पाठमोरी होती. “पान पस्तीस. समासात पेन्सिलीनं लिहिलं आहे. वाचतो. ‘साडेपाच. नायिका एम.ए., अक्कल सातवीची. पाऊस फार. आत्या उत्तम.’”

हेमाताईंचा चहा चुकीच्या वाटेनं गेला.

“असाच मजकूर,” श्रीनिवासराव म्हणाले, “मी चाचणीदाखल उघडलेल्या चाळीस पुस्तकांपैकी छत्तीस पुस्तकांत, पान पस्तीसवर आढळला. हा कोणीतरी विकृत इसम आहे.”

आता खरं सांगायचं तर वाचनालयाच्या पुस्तकांत खूण करणं हे काही हेमाताईंनी शोधून काढलेलं नव्हतं. पूर्वी सगळ्याच बायका करायच्या. ठरलेल्या पानावर कुणी आकड्याभोवती गोल करी, कुणी बारीक स्वस्तिक काढी, एक बाई तर टिकली चिकटवायच्या. कारण मागच्या कपाटातलं पुस्तक आपण वाचलंय की नाही, हे नावावरून कळत नाही, मुखपृष्ठावरून कळत नाही, आणि गोष्टीवरून तर मुळीच कळत नाही. सत्त्याऐंशी साली हेमाताईंच्या घरी एकच कादंबरी तीनदा आली होती. तिसऱ्या खेपेला नायकाची गाडी घाटात कोसळली तेव्हा त्यांना आठवलं, की हा मरत नाही. तेव्हापासून खूण सुरू झाली.

पण जन्मभर उत्तरपत्रिका तपासलेला हात. नुसत्या खुणेवर त्याचं समाधान होईना. आधी बरोबरची खूण झाली, मग दहापैकी गुण झाले, मग गुण का कापले ते लिहिल्याशिवाय चैन पडेना. पान पस्तीस अशासाठी, की पस्तिशी गाठली म्हणजे पास. आणि पेठेत दर चौथ्या घरात आपली एक विद्यार्थिनी आहे, हे लक्षात घेऊन त्या हे सगळं डाव्या हातानं लिहीत. मुखपृष्ठामागे खरी पापं पुष्कळ लपतात, पण डाव्या हातानं इतकं शिस्तीत पाप करणाऱ्या बाई विरळाच.

“चौकशी समिती नेमावी,” श्रीनिवासराव म्हणाले. “अध्यक्षपदी हेमाताई. हस्ताक्षर ओळखण्यात आपला हात कोण धरणार?”

“कोणीही नाही,” हेमाताई म्हणाल्या. ते मात्र खरं होतं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली: ‘पुस्तकं वाचनालयाची आहेत. ती उत्तरपत्रिका नव्हेत. गुण देण्याची हौस असणाऱ्यांनी आधी स्वतःचे तपासावेत. — कार्यवाह.’ हेमाताईंनी ती तीनदा वाचली. भाषा बरी होती. सात द्यायला हरकत नव्हती.

समितीच्या अध्यक्ष म्हणून त्यांना मागच्या कपाटांची किल्ली मिळाली. दुसरी किल्ली श्रीनिवासरावांकडे कायमचीच असे. निर्लेखनाची यादीही मिळाली, सहाशे बारा पुस्तकांची, टंकलिखित. हेमाताईंचा बेत साधा होता. वाचनालय बंद असताना, एक ते चार, खोडरबर घेऊन बसायचं आणि पुरावा पुसून टाकायचा. खूण नाही तर विद्रूपपण नाही, विद्रूपपण नाही तर निर्लेखन नाही, आणि हेमा आगाशे तर नाहीच नाही.

पहिल्या दुपारी अकरा पुस्तकं झाली. अडतीस वर्षांपूर्वी पेन्सिली चांगल्या मिळायच्या, त्याचा हा त्रास. शिवाय पुसायचं म्हणजे वाचणं आलं, आणि वाचलं की वाटायचं, छान लिहिलंय हो! ‘चार. सासू सुधारली, ती का, हे लेखिकेलाही ठाऊक नाही.’ असं वाक्य खोडताना हात जड व्हायचा. ‘पुन्हा डॉक्टर निरंजन’ या पुस्तकाशी तर त्या अडल्याच. तिथं त्यांनी अडीच गुण दिले होते. खाली दुसऱ्या कुणाच्या तरी उभ्या, टोकदार अक्षरात, शाईनं लिहिलं होतं: ‘गुण फारच कमी पडले आहेत. फेरतपासणीस पात्र.’ शाई खोडरबरानं जाईना. कोण ही बाई? हेमाताईंना राग आला. अडीच म्हणजे अडीच. त्यांनी यादीत पाहिलं, तर सहाशे बारा पुस्तकांत हे एकच नव्हतं. टंकलेखनातली चूक म्हणून त्यांनी स्वच्छ अक्षरात ते नाव खाली जोडलं.

संध्याकाळी मनगट सुजलं. वरच्या मजल्यावरच्या विमलाबाई चौकशीला आल्या. वय ब्याऐंशी, आणि कुठल्याही विषयावर सल्ला तयार.

“नातवाच्या पुस्तकातल्या पेन्सिलीच्या खुणा पुसतेय,” हेमाताई म्हणाल्या.

“तुला नातू कुठाय?”

“भाचेनातू.”

“खोडरबर कसला घेऊन बसलीस! पावाचा चुरा घे. आमचे दादा ड्रॉइंग मास्तर होते, ते पावानंच पुसायचे. ताजा पाव, मऊ, आतला भाग. कडा नको.” जाता जाता दारातून परत आल्या. “आणि लोणी लावलेला नको हो. नाहीतर करशील काहीतरी.”

आता सल्ला उत्तम होता, हे मान्य केलं पाहिजे. पावानं अक्षर खरंच झरझर निघतं. दोन दुपारी मिळून चौऱ्याऐंशी पुस्तकं निघाली. फक्त चुरा कपाटात राहिला. आणि तिसऱ्या दिवशी बेकरीत साधा पाव संपला होता, म्हणून हेमाताईंनी गोड पाव घेतला.

पाचव्या दिवशी सकाळी श्रीनिवासरावांनी कपाट उघडलं, तेव्हा मुंग्यांची एक शिस्तशीर रांग ‘मोगऱ्याखालचा करार’मधून निघून खिडकीवाटे छत्रीवाल्याच्या दुकानाकडे चालली होती.

“हेमाताई,” ते गंभीरपणे म्हणाले, “आपण आपल्या लेखात साखरेचा पाक म्हणालात, ते मी अलंकारिक समजलो होतो.”

इथवर गोष्ट मुंग्यांपुरती होती. पण दहा वाजता काउंटरवर आरडाओरडा सुरू झाला. हेमाताई पुढच्या खोलीत एक जाड समीक्षाग्रंथ उघडून बसल्या होत्या. त्यांचे कान मागच्या खोलीत होते.

“अगं सुरुची, याच्यावर मार्कच नाहीत!” एक बाई.

“याच्यावरही नाहीत. कुणी पुसले? आता न्यायचं काय आणि कशावरून?” दुसरी.

मग एक तरुण आवाज आला. ही ओवी. हिंजवडीला कंपनीत नोकरी, आठवड्यातले दोन दिवस घरून. “सुरुचीताई, हे सीरियसली चुकीचं आहे. पान पस्तीसचे रिव्ह्यू म्हणजे बेस्ट आहेत. आमचा अख्खा ग्रुप आहे त्याच्यावर. एकशे ऐंशी मेंबर. मी फोटो टाकते, मग आम्ही ठरवतो काय वाचायचं. सातच्या वर असेल तर डोळे झाकून. आणि चारच्या खालचं असेल तर ते आधी, कारण त्याचा शेरा भारी असतो.”

“कोण लिहितं ते?” सुरुचीनं विचारलं. आवाज कोरा होता.

“काय माहीत! पण जी कोणी आहे ना, जीनियस आहे. आईला किमोच्या वेळी मी तेच वाचून दाखवायचे. पुस्तक नाही, नुसते शेरे. ‘नायक तीन वेळा बेशुद्ध, एकदाही कारणानं नाही.’ एवढी हसायची.”

हेमाताईंनी समीक्षाग्रंथाचं पान उलटलं. ते उलटंच उघडलेलं होतं. अभिरुचीवर सोळा पानं लिहिली, त्याबद्दल मुंग्या निघेपर्यंत एका माणसानं अवाक्षर काढलं नव्हतं. सोळाही पानं उजव्या हातानं लिहिली होती. त्यांच्या छातीत काहीतरी गरम गरम होऊ लागलं. वयाप्रमाणे आधी त्यांना पित्ताची शंका आली. मग कळलं, की हा आनंद आहे.

त्या दिवसापासून पाव बंद झाला. पण चौकशीचं गाडं सुटलं होतं, ते कुणाच्या थांबवण्यानं थांबणार नव्हतं. श्रीनिवासरावांनी सुरुचीला लेखी आदेश दिला, की छत्तीस विद्रूप पुस्तकं आजवर कोणकोणत्या सभासदांनी नेली याचा संगणकावरून गोषवारा द्यावा. सुरुची म्हणाली, संगणक बंद आहे. मग म्हणाली, प्रिंटरची शाई संपली आहे. मग म्हणाली, आज अमावस्या आहे. शेवटी नवव्या दिवशी कागद निघाला. छत्तीसच्या छत्तीस पुस्तकं नेलेलं कार्ड एकच होतं. कार्ड क्रमांक दोनशे बारा. श्रीधर बळवंत आगाशे.

श्रीनिवासराव कागद घेऊन थेट घरी आले. श्रीधरपंत पंखा सोडवून त्याची पाती पुसत बसले होते. हेमाताईंनी कागद पाहिला आणि त्या खुर्चीवर बसल्या.

“श्रीधरपंत, प्रकरण गंभीर आहे,” श्रीनिवासराव म्हणाले. “आपल्या नावावर रंजनप्रधान विभागातील तीन हजार नऊशे चौदा पुस्तकं आहेत. आपला खुलासा अपेक्षित आहे.”

श्रीधरपंतांनी पातं खाली ठेवलं. बायकोकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर पुरस्कार, शाल, सोळा पानी लेख, पेठेतल्या सगळ्या विद्यार्थिनी, असं सगळं एकाच वेळी पांढरं पडलं होतं. लग्नाला बावन्न वर्षं झाली होती.

“हो,” ते म्हणाले. “मीच.”

“आपण? हे असलं वाचता?”

“वाचतो.”

“आणि गुण देता?”

“चांगलं असेल तर जास्त देतो,” श्रीधरपंत म्हणाले. “येरवड्याला धाडणार असाल तर पंखा तेवढा बसवून येतो. हेमा, डबा आणशील ना?”

श्रीनिवासराव गेल्यावर हेमाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. असा नवरा मागच्या कपाटात एकाही पुस्तकात नव्हता. दहापैकी दहा. त्यांनी संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी केली, वर बटाट्याचा कीस घातला.

हा दहाचा आकडा चार दिवस टिकला.

कारण बातमी ओवीच्या ग्रुपवर पोचली. श्रीधरपंत सकाळी कसबा गणपतीला जात, तिथं रांगेतल्या बायका वळून वळून पाहू लागल्या. कुणी म्हणे, “अहो काका, ‘आत्या उत्तम’ हे काय लिहिलंय तुम्ही! मी मेले हसून.” कुणी डिंकाचे लाडू आणून दिले. एक बाई म्हणाल्या, “पुरुष असून बायकांचं मन किती कळतं हो तुम्हाला! नाहीतर आमच्याकडे.” त्या बाईंचे यजमान शेजारीच उभे होते. श्रीधरपंतांना जन्मात कोणी इतकं वाखाणलं नव्हतं. यंत्रं कधी आभार मानत नाहीत. आधी ते लाजले, मग हसले, आणि दुसऱ्या आठवड्यात जाकीट घालून बाहेर पडू लागले.

“एक विचारू का?” विमलाबाई हेमाताईंना म्हणाल्या. “बावन्न वर्षांत हा माणूस तुझ्यापुढे तीन वाक्यं सलग बोलला नाही. एवढं शहाणपण दाबून ठेवलं होतं कुठं? जरा बोलू द्यायचंस गं त्याला.”

हेमाताईंनी त्यांच्यापुढे डिंकाचे लाडू सरकवले.

मग एका सकाळी श्रीधरपंतांनी कपातला घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, “साडेसहा. आलं कमी पडलंय.”

हेमाताईंनी कप उचलून नेला. “अहो, ते माझं आहे,” त्या म्हणाल्या.

“चहा?”

“ते साडेसहा!”

पण बोलायची सोय नव्हती. बोलावं तर पुरस्कार जातो आणि नवरा खोटा ठरतो, गप्प राहावं तर आयुष्यातलं एकमेव वाचलं गेलेलं लेखन जाकीट घालून कसब्यात हिंडतं.

विशेष सर्वसाधारण सभा रविवारी पाच वाजता होती. मागची कपाटं ठेवायची की काढायची, यावर मतदान. आधीच्या सगळ्या सभांचा शिरस्ता ठरलेला. एक्कावन्न जणांची गणसंख्या व्हायची नाही, अर्धा तास सभा तहकूब व्हायची, अर्ध्या तासानं त्याच अकरा जणांची कायदेशीर सभा व्हायची आणि बटाटेवडे खाऊन संपायची. श्रीनिवासरावांनी वडे अकरांच्या हिशेबानंच सांगितले होते. आल्या एकशे सात बायका. जिना भरला. छत्रीवाल्यानं वर डोकावून हळूच विचारलं, “कोण गेलं?”

श्रीनिवासरावांनी ठराव वाचला. ओवी उठली. “सर, त्याआधी आम्हाला आगाशे आजोबांना ऐकायचंय. लिटरली त्यांच्यामुळे ही कपाटं जिवंत आहेत.” टाळ्या पडल्या. हेमाताई पहिल्या रांगेत, पुरस्कारप्राप्त म्हणून राखून ठेवलेल्या खुर्चीत बसल्या होत्या. हात मांडीवर घट्ट.

श्रीधरपंत उठले. जाकिटाची बटणं लावली. “मी साधा माणूस,” ते म्हणाले, आणि तिथंच बसले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती.

“आजोबा, तुमचं ऑल टाइम फेव्हरिट कुठलं?”

श्रीधरपंत गोंधळले. तीन हजार नऊशे चौदा पुस्तकं त्यांनी पिशवीतून वाहिली होती, पण नाव फक्त एकाचं लक्षात होतं. ते फार जाड होतं, आणि त्याखाली एकदा टोमॅटो चेंगरले होते.

“‘पुन्हा डॉक्टर निरंजन’,” ते म्हणाले. “वा! काय तो नायक! काय रुबाब! बुद्धिमान, धीराचा, करारी. मी त्याला नऊ दिले. नऊ!”

खोलीत कौतुकाची कुजबुज झाली. आणि मग खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला.

“नऊ?” हेमाताई उभ्या होत्या. “अहो, नऊ? अडीच! अडीच दिलेत मी त्याला, आणि तेही बाइंडिंगचे! बुद्धिमान म्हणे! तीनशे वीस पानं तो तिचा ताप मोजतो आणि तिला नक्की काय झालंय ते परिचारिका सांगते. धीराचा म्हणे! पावसात भिजून स्वतःच आजारी पडतो, शेवटच्या प्रकरणात तीच त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवते. नऊ! एकतीस वर्षं पेपर तपासलेत मी, असले नऊ कुणाला दिले नाहीत!”

खालच्या दुकानात छत्री उघडलेली वर ऐकू आली.

हेमाताईंना काय झालं ते हळूहळू कळलं. शाल गेली. लेख गेला. समोर एकशे सात बायका, त्यांतल्या निम्म्या तरी आपण वर्गाबाहेर उभ्या केलेल्या. आता बसायचं तर कसं, हेही कळेना.

“अडीच?” कार्यवाहांच्या खुर्चीतून श्रीनिवासरावांचा आवाज आला. एवढा एकच शब्द. त्यात धक्का कमी आणि दुःख जास्त होतं.

“अडीच,” हेमाताई म्हणाल्या. आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता. “सगळे गुण माझे आहेत. डाव्या हाताचे. ‘अभिरुचीची घसरण’ लिहिली त्या आठवड्यात मी मागची चार पुस्तकं वाचली होती आणि एकाला आठ दिले होते. ती पुस्तकं विद्रूप नाहीत. वाचलेली आहेत. पुढच्या खोलीतली काढा, एकाचं तरी पस्तिसावं पान कुणी पाहिलंय का बघा! काहींची तर पानं अजून कापलेलीसुद्धा नाहीत. मी स्वतः जो जाड ग्रंथ गेली सहा वर्षं उघडून बसते ना, तो पान अकराच्या पुढे गेलेला नाही.”

श्रीधरपंत हळूच खाली बसले. त्यांनी जाकिटाची बटणं काढली. त्यांना फार मोकळं वाटलेलं दिसलं.

पहिली टाळी ओवीनं वाजवली की सुरुचीनं, यावर पेठेत अजून वाद आहे. मतदानाला हात इतके वर गेले, की श्रीनिवासरावांनी मोजायचं सोडून दिलं. मागची कपाटं मागंच राहिली. अभ्यासिका पुढच्या खोलीत झाली. ग्रंथ भिंतीला लावले आणि मधे टेबलं टाकली, तेव्हा प्रथमच त्या खोलीत कुणीतरी वाचताना दिसू लागलं. वडे पुरले नाहीत.

जिन्यात सुरुचीनं हेमाताईंचा हात धरला.

“तुला कधी कळलं गं?” हेमाताईंनी विचारलं.

“पहिल्यापासून, बाई.”

“डाव्या हातानं लिहिलेलं?”

“अक्षर कसंही असू दे. सातवीत माझ्या निबंधाच्या वहीत तुम्ही ‘अक्कल’ हा शब्द अकरा वेळा लिहिला होता. तो मी कुठंही ओळखीन.”

पुरस्काराचं पुढं काय झालं, तर तो झाला. शाल रद्द करायला स्वतंत्र ठराव लागतो, असं श्रीनिवासरावांनी नियम पाहून सांगितलं, आणि तो ठराव आणायला कोणी तयार होईना. ओवीनं पुसलेले पंचाण्णव शेरे ग्रुपवरच्या फोटोंतून शोधून दिले. हेमाताईंनी ते पुन्हा लिहायला घेतले. त्यात दोन ठिकाणी त्यांना आपणच जरा कडक झालो होतो असं वाटलं, पण तसंच ठेवलं.

पुढच्या मंगळवारपासून त्या स्वतः पिशवी घेऊन जाऊ लागल्या. मेथी वेगळ्या पिशवीत. श्रीधरपंत घरी पंखे पुसतात, आणि चहा कसा झालाय विचारलं तर “चहा झालाय” म्हणतात.

तिसऱ्या मंगळवारी हेमाताईंनी ‘पुन्हा डॉक्टर निरंजन’ मागून घेतलं. जाहीर सभेत आपण इतकं बोललो, तर पेपर एकदा पुन्हा पाहिलेला बरा, असं त्यांच्यातल्या शिक्षिकेला वाटलं. पस्तिसावं पान उघडलं. त्यांचे अडीच होते. खाली ती शाईची जुनी ओळ होती. आणि तिच्याखाली, त्याच उभ्या, टोकदार अक्षरात, ताज्या शाईनं नवा मजकूर होता:

‘परिच्छेद एक: नायक ताप मोजतो, कारण तो काळजी करतो. परिच्छेद दोन: पावसात भिजणं हा दोष नव्हे. सबब किमान अर्धा गुण वाढवून मिळावा, ही विनंती.’

पुढे कोणाचं नाव नव्हतं. पण बत्तीस वर्षं सरकारी टिपणं लिहिलेला हात. त्यानं सवयीप्रमाणे मजकुराखाली छोटी सही केली होती, श्री. रा., आणि तारीख घातली होती.

हेमाताईंनी चष्म्यावरून सही पाहिली. मग त्यांनी पेन्सिल घेतली, या वेळी उजव्या हातात, अडीचावर रेघ मारली, तीन केले, आणि समासात लिहिलं:

‘अर्धा गुण मंजूर. तो डॉक्टर निरंजनला नसून अर्जदाराला आहे. — हेमा श्रीधर आगाशे.’